मंडई : वरठीच्या मुलुखातील नोंदवही नसलेली संस्था

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की पहिल्या पानावर स्थापनेची तारीख येते. मग संस्थापक, पहिली कार्यकारिणी, नोंदणी क्रमांक, इमारतीची कोनशिला. मंडईच्या बाबतीत यातला एकही रकाना भरता येत नाही. दिवाळी सरली की वरठी, मोहाडी, तुमसर, भंडारा या पट्ट्यात गावोगाव मंडई भरते. ती अमक्याने स्थापन केली असे कोणी सांगत नाही आणि तिची घटनाही कोणी लिहिलेली नाही. तरी दरवर्षी दिवस ठरतो, वर्गणी जमते, दंडारीला विडा जातो, सोयऱ्याधायऱ्यांना निरोप जातात आणि ठरल्या दिवशी गाव माणसांनी फुलून येते. इतक्या पिढ्या, इतक्या शिस्तीने जे चालत आले ती संस्थाच आहे. स्मरणिकेत तिचा इतिहास यायलाच हवा, या मताने हा लेख लिहितो आहे.

आधी मुलुखाची ओळख. वरठी हे मोहाडी तालुक्यातले गाव, भंडारा शहरापासून सुमारे १० किलोमीटरवर. मुंबई–हावडा लोहमार्गाने जाणाऱ्यांना ते ‘भंडारा रोड’ या स्टेशनाच्या नावाने ठाऊक असते. जिल्ह्याच्या शहराला जायचे तर उतरायचे वरठीला, हा इथला जुना शिरस्ता. पुढे सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आला, बाहेरून कामगार आले आणि गावाचा तोंडवळा बदलला. पण स्टेशन आणि कारखाना मागे टाकून कोणत्याही दिशेला निघा, धानाच्या बांध्या सुरू होतात. मधूनमधून तलाव, बोड्या, आणि पलीकडे वैनगंगेचे खोरे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून जी झाडीपट्टी होते, तिच्या पश्चिम उंबरठ्यावर हे गाव आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा कचेऱ्या वाटल्या गेल्या, दप्तरे वाटली गेली. मंडई मात्र वाटली गेली नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना दंडारी त्याच राहिल्या आणि पाहुणेही तेच.

मंडई दिवाळीनंतरच का, याचे उत्तर बांधीत आहे. आषाढ-श्रावणात रोवणा चालतो. घरातली सगळी माणसे चिखलात वाकलेली असतात, तेव्हा नाचण्याचे कोणाला सुचते? दिवाळीच्या सुमारास हलका धान हाती येतो. भारी धान अजून उभा असतो, त्याची कापणी आणि चुरणा पुढे. या दोहोंच्या मधल्या उसंतीत घरात नवे तांदूळ असतात, मजुराच्या हातात थोडे पैसे असतात, पाऊस गेलेला असतो आणि थंडी अजून बोचरी झालेली नसते. ऊस आणि तलावातले शिंगाडेही याच दिवसांत बाजारात येतात. सगळ्या गोष्टी जुळून येतात तेव्हा उत्सव होतो. पंचांगापेक्षा धानाने ठरवलेला हा काळ आहे, असेच मला वाटते.

भाऊबीजेपासून मंडयांची रांग लागते आणि पुढचा महिना-दीड महिना ती चालू राहते. शेजारपाजारची गावे शक्यतो एकाच दिवशी मंडई भरवत नाहीत. त्यामागे साधा हिशेब आहे. दंडार तीच, खेळणी-मिठाईची दुकाने तीच, पाळणेवाला तोच आणि पाहुणेही तेच. दोन गावांनी एकच दिवस धरला तर दोन्हीकडे अर्धीच मंडई भरायची. म्हणून आज या गावाची, उद्या त्या गावाची, असा क्रम वर्षानुवर्षांच्या सरावाने बसलेला आहे. कोणत्याही कचेरीचा हुकूम नसताना गावांनी आपापसात सांभाळलेली ही तारखांची वाटणी मला मंडईतली सर्वांत प्रौढ गोष्ट वाटते. एका गावाला दिवस बदलायचा झाला तर शेजारच्या गावांना विचारावे लागते, कारण एकाने सरकवला की पुढच्यांचे गणित बिघडते.

मंडईच्या दिवशी पाहुणा नाही असे घर शोधून सापडायचे नाही. लेकी माहेरी येतात, जावई येतात, मामा-मावश्या येतात. उपवर मुलामुलींचे आईबाप एकमेकांना सहज भेटल्यासारखे भेटतात आणि चहाच्या कपावर सोयरिकीची पहिली गोष्ट निघते. कित्येक लग्नांची बोलणी मंडईत सुरू झाली आहेत. ज्या घरात वर्षभर कोणी डोकावत नाही त्या घरातही या दिवशी दहा-बारा ताटे होतात. खर्च झेपत नसला तरी पाहुण्याला नाही म्हणायचे नाही, हा मंडईचा अलिखित नियम. कर्ज काढून केलेली मंडई मला पटत नाही; पण त्यामागची ओढ खरी असते.

या सगळ्याच्या मुळाशी गोवारी आहेत, हे स्पष्टपणे लिहायला हवे, कारण पत्रकांवर त्यांचे नाव क्वचितच येते. बलिप्रतिपदेला गायगोधन होते. गावाची गुरे आखरावर जमतात, त्यांची शिंगे रंगवलेली असतात, गळ्यात माळा असतात. शेणाचा गोवर्धन घालून त्यावरून गुरे नेतात. वर्षभर गावाची जनावरे राखणारा गोवारी त्या दिवशी मानकरी असतो. त्याची ढाल निघते. उंच बांबू, त्याला गुंडाळलेले कापड, वर मोरपिसांचा झुपका. डफड्याच्या तालावर आणि बासरीच्या सुरावर ढालीसमोर नाच होतो. ती ढाल पुढे मंडईत येते, तिची पूजा होते आणि मगच मंडई लागली असे जुनी माणसे मानतात. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ सालच्या ग्रंथात गोवारींवर वेगळे प्रकरण आहे. त्यांच्या नाचाच्या आणि ढालीच्या पिढीजात आठवणी मात्र आजही तोंडीच आहेत.

मंडईच्या इतिहासात एक तारीख काळ्या शाईने लिहावी लागते. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपुरात आपल्या मागण्या घेऊन निघालेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे गेली. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. दिवाळी होऊन तीन आठवडेच झाले होते. मंडयांचा हंगाम चालू होता. ज्या समाजाच्या ढालीवाचून मंडई उभी राहत नाही, त्याच समाजावर हा घाला पडला. नागपुरात त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात. मंडईच्या व्यासपीठावरून या ११४ जणांना आदरांजली वाहिली जावी, असे मला मनापासून वाटते. काही गावांनी सुरुवात केली तर बाकीची करतील.

आता दंडार. या मुलुखाने महाराष्ट्राला दिलेली ही सर्वांत अस्सल कला, आणि सर्वांत कमी लिहिली गेलेली. पुरुषांनी करायचा हा नाच आणि हे नाट्य. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, हातात टिपऱ्या, पायात घुंगरू. ढोलकी किंवा तबला, पेटी, टाळ, झांज, खंजिरी यांची साथ. सुरुवात गणाने होते. मग फेर धरला जातो, टिपरीवर टिपरी पडते, रांगा एकमेकांत शिरतात, पुन्हा सुटतात. गाण्यांच्या मधून कथा उलगडत जाते. ती कधी रामायण-महाभारतातली असते, तर कधी गावातलीच: दारूने बसलेले घर, हुंड्यापायी अडलेले लग्न, सासूसुनेची कुरबुर. सोंगाड्या मधेच येऊन गावच्या पुढाऱ्यापासून रेशन दुकानापर्यंत सगळ्यांना चिमटे काढतो आणि ज्याला चिमटा बसला तोच आधी हसतो.

दंडार पाहावी ती तयारीच्या वेळी. शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळाच्या मागच्या खोलीत एक आरसा भिंतीला टेकवलेला असतो. बाईचे सोंग घेणारा गडी मांडी घालून बसतो. सकाळपर्यंत तो धान कापत होता. बोटांच्या पेरांवर विळ्याचे ओरखडे असतात. आधी दाढी तासून गुळगुळीत करायची, मग सफेदा, मग गालांवर कुंकवाचा हात, डोळ्यांत काजळ. लुगडे नेसवायला दुसरा एक जण येतो, कारण निऱ्या स्वतःला नीट घालता येत नाहीत. शेवटी घुंगरांचे पट्टे. ते उचलून आधी कपाळाला लावायचे, पेटीपुढे ठेवायचे, पाया पडायचे, आणि मगच बांधायचे. इतका वेळ चेष्टामस्करी करणारा तो गडी घुंगरू बांधले की गप्प होतो. चालणे बदलते, मान बदलते. वस्ताद एकदा सगळ्यांवर नजर फिरवतो, कोणाचा पदर सारखा करतो, कोणाला गाण्याचे पहिले पद पुन्हा म्हणायला लावतो. बाहेर पोरांनी पुढच्या जागा केव्हाच धरलेल्या असतात.

हे सगळे आपोआप होत नाही. तालमी पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होतात. दिवसभराचे काम आटोपून, जेवून, रात्री देवळात जमायचे आणि दहा-अकरापर्यंत पावले घटवायची. गाणी वहीत असतात किंवा वस्तादाच्या डोक्यात. वही असलीच तर ती एकाच घरात असते, पाने पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या. वस्ताद गेला की मुलगा ती वही जपतो किंवा जपत नाही. एकेका दंडारीचा संसार एवढ्याशा धाग्यावर आहे.

खडी गंमतीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्यात शाहीर आहे आणि शाहिराचे नाव लोक लक्षात ठेवतात. रंगमंच नाही, पडदा नाही. चौकात लोकांच्या मधोमध सगळे उभ्याने. शाहीर, त्याच्यामागे झील धरणारे, ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज आणि बाईच्या वेशातला नाच्या. गण, गवळण, लावणी असे पुढे सरकत गंमत सवाल-जवाबावर येते. दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की कलगी आणि तुरा यांची जुनी ईर्षा जागी होते. एकाने पुराणातला कूट सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे पद्यात उत्तर द्यायचे. ज्याला उत्तर सुचत नाही त्याचा फजितवाडा गाव वर्षभर सांगत राहते. अक्षरओळख बेताची असलेले शाहीर पुराणे, इतिहास आणि चालू राजकारण यांची जी सांगड घालतात, ती विद्वत्ताच आहे. तिला पदवी नाही एवढेच.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या शाहिरीने नवे वळण घेतले. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. ते निवडून आले नाहीत, पण त्यांच्या नावाने हा जिल्हा ढवळून निघाला. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर खडी गंमतीच्या फडात भीमाची आणि बुद्धाची गाणी आली. शिकण्याचे, संघटित होण्याचे बोल डफावर चढले. दुसरीकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी ग्रामसफाई, व्यसनमुक्ती आणि कष्टाची प्रतिष्ठा गावोगाव पोचवली. दोन्हींचा ठसा मंडईवर उमटला. करमणुकीच्या रात्रीतून लोक काहीतरी शिकून घरी जाऊ लागले, आणि शाहिराचा शब्द पुढाऱ्याच्या भाषणापेक्षा जास्त ऐकला गेला.

वरठीचा म्हणून एक विशेष इथे सांगायला हवा, तो रेल्वेचा. नागपूर–छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकात सुरू झाली, पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेली आणि मार्ग रुंद झाला. या मार्गाने फक्त तांदूळ आणि मँगनीज गेले नाहीत, माणसेही आली-गेली. याच रुळांवरून पूर्वेला निघाले की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, रायपूर. छत्तीसगडातही दिवाळीनंतर मडई भरते, तिथले राऊत उंच सजवलेली मडई घेऊन निघतात आणि नाचतात. बिलासपुरात राऊत नाचाचा मोठा महोत्सव होतो. इकडची गोवाऱ्यांची ढाल आणि तिकडची राऊतांची मडई यांना शेजारी उभे केले तर सख्ख्या बहिणी वाटतात. तिथला नाचा हा लोकनाट्यप्रकार हबीब तन्वीर यांनी ‘चरणदास चोर’मधून जगापुढे नेला. गावच्या कलावंतांना, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच चालीत त्यांनी रंगमंचावर उभे केले. आपल्या दंडारीला असा जाणता दिग्दर्शक अजून भेटायचा आहे.

दिवसा दंडार आणि रात्री नाटक, हे मंडईचे ठरलेले वेळापत्रक. नाटकाबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. वडसा-देसाईगंज हे या नाटकांचे माहेर. मंडळ्या तिथल्या, कलावंत दूरदूरचे, हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटे खाली येतो. शामियान्यात खुर्चीचे तिकीट वेगळे, जमिनीवर बसणाऱ्याचे वेगळे. पाहुणे मंडईला येतात, रात्री नाटकाला बसतात, तिकिटातून मंडळाला चार पैसे सुटतात आणि ते देवळाच्या किंवा शाळेच्या कामी लागतात. दंडार मात्र सर्वांना फुकट. तिच्या बिदागीचा भार वर्गणीवर आणि लोकांनी दिलेल्या इनामावर. कुर्खेडा तालुक्यातले ज्येष्ठ रंगकर्मी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सबंध झाडीपट्टीला आपल्याच घरात सन्मान आल्यासारखे वाटले.

नाटकाची नाळ शंकरपटाशी, म्हणजे बैलांच्या शर्यतींशीही जोडलेली. लाखनीचा शंकरपट दूरदूरपर्यंत प्रसिद्ध. पट असला की रात्री नाटक असायचेच. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा पटाबरोबर त्या रात्रीच्या नाटकांचाही आधार गेला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने राज्याचा कायदा टिकला. मधली वर्षे अनेक मंडळ्यांना जड गेली. त्यातच २०२० साली करोनाने मंडयांचा हंगाम बुडवला. हातावर पोट असलेल्या कलावंताचा एक हंगाम बुडणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात घुंगरू आहेत त्यालाच कळते.

संस्था म्हणून मंडईकडे अभ्यासाच्या नजरेने पाहण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांचे नाव पहिले घ्यावे लागते. ‘झाडीपट्टीची लोकरंगभूमी’ हा त्यांचा ग्रंथ, झाडीबोलीचा शब्दकोश आणि झाडीबोली साहित्य संमेलनांची परंपरा यांमुळे दंडार, खडी गंमत, डहाका, गोंधळ या कलांना छापील पानांवर जागा मिळाली. आपली बोली बोलायला शहरात लाजणारी पिढी त्यांच्यामुळे मान वर करून बोलू लागली, हे मी या भागातला माणूस म्हणून सांगू शकतो. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर आकाशवाणी सुरू झाली आणि काही शाहिरांचा, गायकांचा आवाज ध्वनिफितीवर गेला. १९८६ पासून नागपूरचे दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय खडी गंमतीची शिबिरे आणि महोत्सव घेते. हे सगळे मोलाचे आहे. पण शहरातल्या रंगमंचावर वीस मिनिटांत उरकलेली दंडार आणि चौकात चार तास चाललेली दंडार यांत फार अंतर आहे. पहिल्या प्रकाराने कला दिसते. दुसऱ्याने ती जगते.

इथे एका दूरच्या देशाची हकिकत सांगतो. युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा छोटा देश आहे. शतकानुशतके तिथे जमीनदार जर्मन होते आणि सत्ता रशियाची. शेतकरी बोलत ती एस्टोनियन भाषा गावंढळ समजली जाई. १८६९ मध्ये तार्तू या शहरात त्यांनी पहिला गीतोत्सव भरवला. १८८८ मध्ये याकोब हुर्ट नावाच्या धर्मगुरूने वर्तमानपत्रांतून लोकांना आवाहन केले: तुमच्या गावातली गाणी, म्हणी, कथा, चालीरीती लिहून पाठवा. शाळामास्तर, शेतकरी, विद्यार्थी अशा हजाराहून अधिक लोकांनी वह्याच्या वह्या भरून पाठवल्या. त्या सगळ्या वह्या जपून ठेवल्या आहेत. पुढे सोव्हिएत राजवटीत दबून राहिलेला हा देश १९८८ च्या सुमारास गाणी गात रस्त्यावर उतरला आणि १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. १९९३ पासून विल्यांदी या लहानशा गावात दरवर्षी पारंपरिक लोकसंगीताचा उत्सव भरतो. तरुण पोरे कानेल हे तंतुवाद्य आणि तोरूपिल हा मशकबाजा वाजवतात, आजी-आजोबांची गाणी म्हणतात, रात्रभर नाचतात. ती गाणी कुठून मिळतात? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोण्या शेतकऱ्याने भरलेल्या वहीतून.

विल्यांदीचा उत्सव आणि आपली मंडई यांत मला फार साम्य दिसते: लहान गाव, आपली बोली, आपली वाद्ये, म्हाताऱ्यांकडून तरुणांकडे जाणारी गाणी. आपली बाजू एका गोष्टीत वरचढ आहे. त्यांना परंपरा तुटल्यावर पुन्हा जोडावी लागली. आपली अजून तुटलेली नाही. एका गोष्टीत मात्र आपण फार मागे आहोत, आणि ती गोष्ट म्हणजे त्यांच्या वह्या.

कारण आज मंडईत दंडारीची जागा आक्रसते आहे. कुठे डीजे येतो, कुठे रात्रीच्या नाटकाऐवजी ‘डान्स हंगामा’ लागतो. मोठ्या पडद्यावरच्या गाण्यांची नक्कल, उघडेवाघडे हावभाव आणि पुढच्या रांगेत दारू पिऊन नोटा उधळणारे. बायका-पोरींना उठून जावे लागेल असा कार्यक्रम मंडईत बसत नाही. जिथे लेकी माहेरी येतात, त्या चौकात तो होऊ देणे गावाच्या इभ्रतीला शोभत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. तरुणांनाही दोष देऊन चालणार नाही. वरठीतला पोरगा कारखान्यात पाळीने काम करतो. आज दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. त्याने रोज रात्री तालमीला यायचे कसे? ज्यांच्या पाळ्या जुळतात त्यांनी आठवड्यातून दोन दिवस तालीम धरली तरी पावले बसतात. वस्तादांनी एवढी सवलत द्यायला हवी.

आणि आता वह्यांचा मुद्दा, ज्यासाठी हा सारा इतिहास सांगितला. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे. २०२४ पासून सर्वांना सरसकट दरमहा ५,००० रुपये मिळण्याची तरतूद झाली. त्यासाठी वयाची पन्नाशी आणि कलाक्षेत्रातल्या किमान १५ वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. नाटकवाल्याकडे छापील पत्रके असतात, त्यावर नाव असते, तारीख असते. दंडारवाल्याकडे काय असते? चाळीस वर्षे नाचलेल्या माणसाच्या हाती एक कागद नसतो. त्याची साक्ष द्यायला सारे गाव आहे, पण अर्जाला गाव जोडता येत नाही. ज्याच्या पायांनी मंडई रंगली त्याला उतारवयात हक्काचे मानधन मिळत नाही, ते केवळ आपण त्याचे नाव कुठे लिहून ठेवले नाही म्हणून. यात दोष फक्त सरकारी नियमांचा नाही. मंडईच्या मंडळांचाही आहे, म्हणजे आपलाच आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने वरठी आणि आसपासच्या प्रत्येक गावाच्या मंडई समितीला माझी कळकळीची विनंती आहे. यंदाच्या मंडईपासून एक वही ठेवा. साधी, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर गावाचे नाव आणि मंडईचा दिवस लिहा. मग त्या दिवशी आलेल्या प्रत्येक दंडारीचे आणि खडी गंमतीच्या पार्टीचे गाव, वस्तादाचे किंवा शाहिराचे नाव, नाचणाऱ्यांची, झील धरणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची नावे, वाद्ये, कोणता प्रसंग केला, किती बिदागी दिली. गोवाऱ्यांच्या ढालीचा मानकरी कोण होता तेही लिहा. खाली समितीच्या अध्यक्षाची आणि सरपंचाची सही व शिक्का घ्या. त्या पानाची प्रत प्रत्येक कलावंताला त्याच दिवशी द्या. गावातल्या म्हाताऱ्या कलावंतांकडे शाळेची पोरे पाठवा. त्यांना आठवतात तेवढी गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून, वहीत उतरवून घ्या, म्हणणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून. गाणी लिहिताना बोली सुधारू नका. म्हणणारा जसे म्हणतो तसेच लिहा. जुनी वही कोणाच्या घरात असेल तर ती मागून घेऊ नका, तिची छायाप्रत काढा आणि मूळ वही मालकाला परत द्या. अशी एक प्रत गावच्या वाचनालयात आणि एक शाळेत ठेवा.

खर्च वहीचा आणि छायाप्रतींचा. वर्गणीतून सहज निघेल. यंदाची मंडई लागण्यापूर्वी ही वही विकत आणून समितीच्या पहिल्या बैठकीत टेबलावर ठेवा.